कीर्द, खतावणी आणि स्प्रेडशीट : नियमबद्ध गुंतवणुकीच्या नोंदींचा इतिहास

गुंतवणुकीच्या इतिहासात पद्धतींवर भरपूर लिहिले गेले आहे. त्या पद्धती सामान्य माणसाने घरी कशावर चालवल्या, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणे, भाव पडला की ठरलेल्या हिशोबाने जास्त घेणे, चढला की काही विकणे हे नियम सांगायला सोपे असतात. ते दहा-वीस वर्षे पाळायचे तर कुठेतरी लिहून ठेवावे लागते, आणि काय लिहायचे हे पद्धतीप्रमाणे बदलते. या पाठात आपण विसाव्या शतकातील अशा तीन पद्धती पाहू आणि प्रत्येकीला कोणती नोंद लागली, त्या नोंदीसाठी लोकांनी कोणती साधने वापरली, ते तपासू. तिघींचा जन्म अमेरिकेतला आहे. त्यांपैकी पहिली भारतात घरोघरी पोहोचली.

सुरुवातीला आपल्याकडचे दोन जुने शब्द लक्षात घ्यावेत. व्यापाऱ्याच्या कीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने, तारीखवार लिहिले जातात. खतावणीत तेच व्यवहार खात्यांप्रमाणे वेगळे करून प्रत्येकाची बाकी काढली जाते. कीर्द हाताशी असेल तर खतावणी पुन्हा तयार करता येते. नुसत्या खतावणीतील बाक्यांवरून कीर्द परत मिळत नाही. पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अडचणीच्या मुळाशी हा फरक आहे.

नोंद जवळजवळ न लागणारी पद्धत

१९२९च्या कोसळण्यानंतर अमेरिकेत गुंतवणुकीतून माणसाचा अंदाज शक्य तेवढा काढून टाकावा, हा विचार बळावला. येल विद्यापीठ आणि व्हासार कॉलेज यांच्या निधींनी समभाग व रोखे यांचे प्रमाण ठरवणारी सूत्रे वापरली. अशा योजनांना तेव्हा ‘फॉर्म्युला प्लॅन’ म्हणत. संस्थांकडे हिशोबनीस असतात, त्यामुळे नोंदीची अडचण त्यांना फारशी जाणवली नाही. घरगुती गुंतवणूकदारासाठी सर्वांत साधे सूत्र होते ‘डॉलर कॉस्ट अॅव्हरेजिंग’चे, म्हणजे ठरावीक काळाने ठरावीक रक्कम गुंतवत राहण्याचे. बेंजामिन ग्रॅहम यांनी १९४९च्या ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’मध्ये त्याचा विचार केला आहे. जानेवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजाराने ‘मंथली इन्व्हेस्टमेंट प्लॅन’ सुरू केला. त्यात तीन महिन्यांतून किमान ४० डॉलर भरून समभाग घेता येत.

या पद्धतीत या महिन्यात काय करायचे हे ठरवायला मागच्या महिन्याची कोणतीही माहिती लागत नाही. बाजार चढला की पडला, आजवर किती युनिट जमली, सरासरी किंमत काय पडली, यातले काहीही ठाऊक नसले तरी पुढचा हप्ता तोच राहतो. नियमाला स्वतःची स्मृती लागत नसल्यामुळे दलालाकडून किंवा फंडाकडून येणारे पत्रक पुरते.

भारतात १९९०च्या दशकात खाजगी म्युच्युअल फंड आले आणि त्यांच्याबरोबर सिस्टिमॅटिक इन्व्हेस्टमेंट प्लॅन, म्हणजे एसआयपी आली. तेव्हा तिचे साधन होते पुढच्या तारखांच्या चेकांची गड्डी. वर्षाचे बारा चेक सह्या करून एकदाच द्यायचे आणि विसरून जायचे. पुढे बँकेतून परस्पर रक्कम वळती होऊ लागली आणि चेकही गेले. एसआयपी इतकी पसरली याची कारणे अनेक आहेत. जाहिरात आहे, पगारदारांची वाढती संख्या आहे, पोस्टातील आवर्ती ठेवीची आधीपासूनची सवय आहे. पण गुंतवणूकदाराला एक ओळही लिहावी लागत नाही हे कारण माझ्या मते जितके मोजले जाते त्याहून मोठे आहे.

लिचेलो यांचा तक्ता

१९७७ मध्ये रॉबर्ट लिचेलो यांचे ‘हाऊ टू मेक १,०००,००० डॉलर्स इन द स्टॉक मार्केट ऑटोमॅटिकली’ हे पुस्तक आले. नाव भडक आहे आणि त्यामुळे अभ्यासक त्याकडे फिरकत नाहीत. पण नोंदीच्या इतिहासात ते महत्त्वाचे आहे, कारण त्यातली पद्धत म्हणजे मुळात रकान्यांचा एक तक्ता आहे. लिचेलो यांनी तिला ‘ऑटोमॅटिक इन्व्हेस्टमेंट मॅनेजमेंट’, थोडक्यात एआयएम, असे नाव दिले. काळही पाहावा. १ मे १९७५ रोजी अमेरिकेत दलालीचे बांधलेले दर रद्द झाले होते, आणि दरमहा छोटे व्यवहार सुचवणाऱ्या पद्धतीला स्वस्त दलालीचा आधार लागतोच.

पद्धत अशी : निम्मी रक्कम समभागांत घालायची, निम्मी रोख ठेवायची. एका रकान्यात ‘पोर्टफोलिओ कंट्रोल’ नावाचा आकडा लिहायचा. आपण त्याला नियंत्रण-आकडा म्हणू. सुरुवातीला तो समभागांच्या किमतीएवढा असतो. महिन्यातून एकदा समभागांचे मूल्य काढायचे. ते नियंत्रण-आकड्यापेक्षा कमी असेल तर फरकाएवढी खरेदी सुचते, जास्त असेल तर विक्री. मात्र सुचलेल्या रकमेतून समभागांच्या मूल्याच्या १० टक्के वजा करायचे, म्हणजे किरकोळ चढउतारांवर व्यवहार होत नाही. खरेदी झाली तर तिच्या निम्मी रक्कम नियंत्रण-आकड्यात मिळवायची. विक्री झाली तर तो तसाच ठेवायचा.

कागद-पेन्सिल घेऊन एकदा करून पाहावे. आपण रुपये धरू आणि दलाली, व्याज व कर तूर्त सोडून देऊ. एकूण १०,००० रुपये आहेत. १० रुपये भावाने ५०० समभाग घेतले, ५,००० रुपये रोख राहिले, नियंत्रण-आकडा ५,०००.

भाव ८ झाला. समभागांचे मूल्य ४,०००, म्हणजे १,००० कमी. त्यातून ४,०००चे १० टक्के, म्हणजे ४०० वजा केले. ६०० रुपयांची, म्हणजे ७५ समभागांची खरेदी झाली. रोख ४,४०० उरली आणि नियंत्रण-आकडा ३०० ने वाढून ५,३०० झाला.

भाव ५ झाला. ५७५ समभागांचे मूल्य २,८७५, तूट २,४२५. त्यातून सुमारे २८८ वजा केल्यावर पूर्ण समभागांत ४२७ ची, म्हणजे २,१३५ रुपयांची खरेदी बसते. आता १,००२ समभाग, २,२६५ रुपये रोख आणि नियंत्रण-आकडा ६,३६७.५०.

भाव परत ८ वर आला. मूल्य ८,०१६, आधिक्य १,६४८.५०. त्यातून ८०१.६० वजा. १०५ समभाग विकले, ८४० रुपये आले. नियंत्रण-आकडा हलला नाही.

भाव पुन्हा १०. हातात ८९७ समभाग आणि ३,१०५ रुपये रोख. दोन्ही मिळून १२,०७५ रुपये. भाव जिथून निघाला तिथेच परतला, तरी २,०७५ रुपये वाढले. आधिक्य २,६०२.५०, त्यातून ८९७ वजा, म्हणून आणखी १७० समभाग विकायचे.

हा भावांचा क्रम पद्धतीला अनुकूल असाच आहे, हे विसरता कामा नये. भाव ५ वरून २ वर गेला असता तर तक्त्याने ४,१६३ रुपयांची खरेदी सुचवली असती आणि रोख होती २,२६५. एकाच कंपनीचा समभाग धरून बसलेल्या आणि ती कंपनी बुडत असलेल्या माणसाला ही पद्धत शेवटचा रुपयाही तिथेच घालायला सांगते. ‘ऑटोमॅटिक’ या शब्दाचा हा धोका पुस्तकाच्या नावात दिसत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. समजा, दोन गुंतवणूकदारांकडे आज तंतोतंत सारखी मालमत्ता आहे : १० रुपये भावाचे ८९७ समभाग आणि ३,१०५ रुपये रोख. पहिला वरच्या प्रवासातून आलेला आहे, त्याचा नियंत्रण-आकडा ६,३६७.५०. दुसऱ्याने आजच सुरुवात केली, त्याचा ८,९७०. पद्धत पहिल्याला १७० समभाग विकायला सांगते, दुसऱ्याला काहीच करू नको म्हणते. दोघांच्या दलालाच्या पत्रकांत कसलाही फरक दिसणार नाही. फरक करणारा आकडा दलालाला, बँकेला, कंपनीला कोणालाच माहीत नाही. तो फक्त गुंतवणूकदाराच्या तक्त्यात असतो. तक्ता हरवला तर पैसे आणि समभाग जागेवर राहतात, पण पद्धत पुढे चालवता येत नाही.

मात्र कीर्द असेल तर ती परत उभी करता येते. नियंत्रण-आकडा म्हणजे सुरुवातीची रक्कम अधिक नंतरच्या सर्व खरेदीच्या निम्मे : ५,००० अधिक ३०० अधिक १,०६७.५०. दलालाने दर व्यवहारानंतर दिलेल्या जुन्या चिठ्ठ्या जपल्या असतील तर अर्ध्या तासाचे काम आहे.

चौकटीतला नियम

लिचेलो यांचे पुस्तक आले तेव्हा घरी हे गणित हाताने किंवा खिशातल्या गणकयंत्रावर होत असे. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क हे अॅपल-२ संगणकावर चालणारे पहिले लोकप्रिय स्प्रेडशीट बाजारात आले. ब्रिकलिन यांना ही कल्पना हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना सुचली होती. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आणि १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी एक्सेल आले.

स्प्रेडशीटने आकडेमोड वेगवान केली, हे सगळे सांगतात. त्याहून मोठा बदल असा की नियम स्वतःच चौकटीत लिहिता येऊ लागला. तक्त्यातला ‘फरकातून १० टक्के वजा करा’ हा आदेश आता माणसाने पाळायची सूचना राहिला नाही. तो सूत्र झाला. त्यामुळे माणूस थकून, घाबरून किंवा लोभाने आकडेमोडीत फेरफार करण्याची शक्यता कमी झाली. सूत्रच चुकीचे लिहिले गेले तर मात्र तीच चूक वर्षानुवर्षे मुकाट्याने होत राहते. कागदावर दर महिन्याला डोळ्यांखालून जाणारी पायरी आता झाकलेली असते.

१९८८ मध्ये मायकेल एडलसन यांनी ‘व्हॅल्यू अॅव्हरेजिंग’ ही पद्धत एका लेखात मांडली आणि १९९१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. तेही हार्वर्ड बिझनेस स्कूलशी संबंधित, तिथे शिकवणारे. यात ठरलेला असतो तो गुंतवणुकीच्या मूल्याचा मार्ग. हप्ता मात्र दर वेळी बदलतो. साध्या रूपात, मूल्य दरमहा १,००० ने वाढले पाहिजे असे ठरवले, तर तिसऱ्या महिन्यात ते ३,००० हवे. प्रत्यक्षात १,८०० असेल तर १,२०० भरायचे, ३,२०० असेल तर २०० काढून घ्यायचे. एआयएमशी तुलना केली तर एक फरक ठळक दिसतो. इथे ‘हवे असलेले मूल्य’ केवळ सुरुवातीची तारीख आणि वाढीचा नियम यांवरून कधीही पुन्हा काढता येते. मधले व्यवहार माहीत नसले तरी चालते. म्हणून स्मृतीच्या बाबतीत ही पद्धत एसआयपी आणि एआयएम यांच्या मधोमध बसते. तिची खरी अडचण दुसरीकडे आहे : बाजार जोरात पडला की भरायची रक्कम पगाराच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते, आणि त्यावर कोणत्याही स्प्रेडशीटकडे उत्तर नाही.

स्प्रेडशीटने आणखी एक गोष्ट सामान्यांच्या हातात दिली : स्वतःच्या पैशावरचा खरा परतावा. महिन्याच्या सुरुवातीला ५,००० याप्रमाणे वर्षात ६०,००० भरले आणि वर्षअखेरीस ६३,००० झाले, तर बरेच जण ५ टक्के मिळाले म्हणतात. पण पहिला हप्ताच काय तो पूर्ण वर्ष गुंतलेला होता, शेवटचा एक महिनाच. तारखा लक्षात घेतल्या तर वार्षिक परतावा सुमारे ९.३ टक्के येतो. हा आकडा थेट सूत्राने मिळत नाही, अंदाज करत करत त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते. १९८१च्या एचपी-१२सी या आर्थिक गणकयंत्रात समान अंतराने येणाऱ्या रकमांसाठी तशी सोय होती. वेगवेगळ्या तारखांसाठी एक्सेलमध्ये ‘एक्सआयआरआर’ आहे. ते बराच काळ वेगळे जोडावे लागे, २००७च्या आवृत्तीपासून मूळ एक्सेलचा भाग झाले. त्याला लागतात दोन रकाने, तारीख आणि रक्कम. म्हणजे कीर्दच.

इथेच घरगुती स्प्रेडशीटमधली सर्वांत सामान्य चूक होते. लोक दर महिन्याला तीच चौकट बदलतात. जुना भाव खोडून नवा, जुनी युनिटसंख्या खोडून नवी. पडद्यावर आजची स्थिती अचूक दिसते आणि कीर्द नाहीशी झालेली असते. दर महिन्याला नवी ओळ लिहिणाऱ्या लिचेलो यांच्या कागदी तक्त्यात ही चूक करायला जागाच नव्हती.

साधने बंद पडतात

ज्यांना सूत्रे लिहायची नव्हती त्यांच्यासाठी तयार सॉफ्टवेअर आले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या इंट्युइटचे क्विकन आणि १९९१ मध्ये आलेले मायक्रोसॉफ्ट मनी यांची अनेक वर्षे स्पर्धा चालली. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने मनीची विक्री थांबवली आणि पुढच्या वर्षी ऑनलाइन किमती न मिळणारी एक मोफत आवृत्ती दिली, निदान जुन्या फाइल उघडाव्यात म्हणून. जगातली एक अत्यंत श्रीमंत सॉफ्टवेअर कंपनी मागे उभी असणे ही टिकाऊपणाची हमी ठरली नाही.

२०१७ मध्ये वेगळ्या प्रकारची पडझड झाली. अनेकांच्या घरगुती स्प्रेडशीट याहू फायनान्सवरून परस्पर भाव उचलत असत. ती सोय त्या वर्षी बंद झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस गूगल फायनान्सने लोकांनी तिथे साठवलेल्या गुंतवणूक याद्यांची सुविधा काढून घेतली. दोन्हींतला फरक नीट पाहावा. भाव येणे थांबले तर ते दुसरीकडून आणता येतात, कारण भाव सार्वजनिक असतो. भारतातील म्युच्युअल फंडांचे दैनंदिन निव्वळ मालमत्ता मूल्य तर १९९५ मध्ये स्थापन झालेली ‘अॅम्फी’ ही फंडांची संघटना साध्या मजकुराच्या फाइलमध्ये खुले ठेवते. आपण कोणत्या तारखेला किती घेतले आणि आपला नियंत्रण-आकडा काय, ही माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते. ती साधनातून बाहेर काढून घेता आली नाही तर गेलीच.

या अनुभवांनी काही लोक उलट्या दिशेने गेले. २००३ मध्ये जॉन विग्ली यांनी लिहिलेल्या ‘लेजर’ या प्रोग्रॅममध्ये सारे व्यवहार साध्या मजकुराच्या फाइलमध्ये तारीखवार लिहिले जातात आणि प्रोग्रॅम फक्त त्यावरून बाक्या काढून दाखवतो. प्रोग्रॅम उद्या नाहीसा झाला तरी फाइल कोणत्याही संगणकावर वाचता येते. इंग्रजीत लेजर म्हणजे खतावणी, पण जपायची वस्तू इथे कीर्द आहे. आपल्या पेढीवरच्या मुनिमाला यात नवे काही वाटले नसते. तरीही ही वाट सगळ्यांसाठी आहे असे मी म्हणणार नाही. आज्ञा टंकून चालवायचा प्रोग्रॅम शिकण्यात महिना घालवून शेवटी नोंदच न करणारे असतात. दर महिन्याला एक ओळ वाढणारी वही त्यापेक्षा चांगली.

भारतातील नोंद आणि कर

भारतात कागदी समभाग प्रमाणपत्रांच्या काळात प्रमाणपत्र हीच मालकी होती आणि ते पेटीत ठेवले की नोंद झाली असे मानले जाई. १९९६च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एनएसडीएल सुरू झाल्यावर समभाग खात्यातील आकडे बनले. आता पॅनच्या आधारे सर्व फंडांचे आणि डीमॅट खात्यांचे एकत्रित पत्रकही मिळते. मालकी सिद्ध करायला ते उत्तम आहे. पण त्यात प्राधान्याने बाक्या असतात आणि त्या काळापुरते व्यवहार असतात. वीस वर्षांचा सलग प्रवास त्या एका पत्रकात दिसत नाही.

तो प्रवास करासाठी लागतो. ऑक्टोबर २००४ पासून शेअर बाजारात रोखे व्यवहार कर भरून विकलेल्या समभागांवरील आणि समभागाधारित फंडांवरील दीर्घकालीन नफा करमुक्त होता. साडेतेरा वर्षे जुन्या खरेदीची किंमत विचारण्याचे कोणाला कारणच उरले नाही. एसआयपी मोठी झाली तीही याच काळात. मग १ एप्रिल २०१८ पासून वर्षाला १ लाख रुपयांपेक्षा जास्त असलेल्या अशा नफ्यावर १० टक्के कर आला (आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून मर्यादा सव्वा लाख, २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के). जुन्या खरेदीसाठी ३१ जानेवारी २०१८ची किंमत धरण्याची सवलत मिळाली, पण ती मूळ खरेदी किमतीशी ताडून पाहायची असते. म्हणजे मूळ किंमत लागतेच. दहा वर्षे चाललेल्या एसआयपीत १२० हप्ते असतात, प्रत्येकाची तारीख वेगळी आणि किंमतही वेगळी. जी पद्धत चालवायला कसलीही नोंद लागत नव्हती, तिच्यातून बाहेर पडताना सर्व १२० ओळी लागू लागल्या.

एआयएममध्ये गुंता आणखी वाढतो, कारण तिच्यात विक्रीही सतत होते. आपल्या उदाहरणाकडे परत जाऊ. ८ रुपयांना १०५ समभाग विकताना आपल्याला वाटते की ५ रुपयांना घेतलेले विकून नफा पदरात पाडला. डीमॅट खात्यातील समभागांना कायदा ‘आधी आलेले आधी गेले’ हा क्रम लावतो. म्हणून विकले गेले ते १० रुपयांना घेतलेल्या पहिल्या पाचशेपैकी, आणि करपत्रकात २१० रुपयांचा तोटा दिसतो. त्यानंतर १० रुपयांना विकलेले १७० समभागही त्याच पाचशेपैकी, त्यांवर नफा शून्य. एकूण मालमत्ता २,०७५ रुपयांनी वाढलेली असताना करपत्रकात तोटा आहे. हातात उरलेल्या ७२७ समभागांत २२५ हे १० रुपयांचे, ७५ हे ८ रुपयांचे आणि ४२७ हे ५ रुपयांचे आहेत. लपलेला सारा नफा शेवटच्या दोन गठ्ठ्यांत आहे. पुढच्या विक्रीवर कर किती पडेल हे त्या गठ्ठ्यांच्या किमतींवर आणि तारखांवर ठरते, आणि नियंत्रण-आकड्याच्या रकान्यात यातले काहीच नसते. एकाच माणसाला इथे दोन खतावण्या हव्यात, एक पद्धतीची आणि एक कराची, आणि दोन्ही एकाच कीर्दीतून निघायला हव्यात : तारीख, खरेदी की विक्री, नग, भाव आणि खर्च.